उलट्या बाटलीचे सर

मी रेल्वेवाल्याची मुलगी, बडनेऱ्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. पीएचडीच्या प्रवेशासाठी अमरावतीला मुलाखत होती आणि समोर तिघे बसले होते. दोघे माझ्या गुणपत्रिकेत डोकं घालून होते. तिसरे, म्हणजे सर, खिडकीबाहेर पाहत होते. त्यांनी मान न वळवताच विचारलं, "बडनेऱ्याची हाय ना तू? मंग सांग, गाडीच्या शेवटल्या डब्याच्या मांगं काय असते?"

"मोठी फुली असते, सर."

"कायले?"

"अख्खी गाडी गेली, मागे एखादा डबा सुटला नाही, हे स्टेशनवाल्याला कळावं म्हणून."

आता कुठे त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे पोरगी सोमवारपासून येईन," असं बाकीच्या दोघांना सांगितलं आणि उठून गेले. पॉलिमरवरचा एकही प्रश्न नाही. मला राग आला होता, खरं सांगते. आठवडाभर पाठांतर करून गेले आणि विचारलं काय, तर डब्याची फुली.

पुढे कळलं की सरांचं सगळंच असं शेवटाकडून सुरू होतं. पेपर शेवटच्या पानापासून वाचायचे. विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका शेवटच्या पुरवणीपासून तपासायचे, कारण "पह्यल्या पानावर सारेच हुशार असतात." लग्नाला गेले की सगळ्यात मागच्या पंगतीत, अगदी कोपऱ्यातल्या पाटावर बसायचे आणि तिथपर्यंत वरण गरम पोचतं का ते पाहायचे. पोचलं नाही तर वधूपित्याला सांगायला कचरायचे नाहीत. "टोकाले काय हाय?" हा त्यांचा पेटंट प्रश्न. तुम्ही फळ्यावर काहीही लिहा, मागून तोच आवाज यायचा.

ज्या पदार्थावर आमचं काम चालायचं त्याला ब्लॉक कोपॉलिमर म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण सरांनी पहिल्याच दिवशी त्याची हवा काढून घेतली.

"अर्धी म्हैस, अर्धी मांजर," ते म्हणाले. "एकाच साखळीचे दोन तुकडे. म्हशीले पानी दिसलं का ते डुंबते. मांजरीले पानी दिसलं का ते पळते. आता दोघीले एकमेकीसोबत शिवून टाकलं, पळाले जागा नाई. अशा लाखो साखळ्या पान्यात सोडल्या तं काय होईन?"

"मांजरी मधे लपतील."

"अन् म्हशी?"

"बाहेरून वेढा घालतील."

"झाली तुही पीएचडी," ते म्हणाले. "आता फक्त टोक राहिलं."

हा जो म्हशींचा वेढा असतो तो कधी गोल गोळ्यासारखा होतो, तर कधी लांबच लांब अळीसारखा. अळ्या झाल्या की त्या एकमेकींत गुंततात आणि पातळ द्रव घट्ट होतो. बाटली उलटी धरली तरी खाली पडत नाही. गोळे झाले तर ते एकमेकांवरून घसरतात आणि तोच द्रव पाण्यासारखा वाहतो. आता टोक म्हणजे काय, तर म्हशीच्या बाजूला साखळीच्या अगदी शेवटी एक बारीकसा गट बसलेला असतो. कॉस्टिक सोड्याचे थेंब टाकले की त्यावर विद्युतभार येतो. सगळ्या टोकांवर सारखाच भार, म्हणून ती एकमेकांना ढकलतात, जास्त जागा मागतात. त्या ढकलाढकलीत लांब अळी टिकत नाही, तिचे तुटून गोळे होतात. घट्ट झालेली बाटली वाहायला लागते.

शेकडो दुव्यांची साखळी आणि तिच्या शेवटच्या दुव्यावर एवढासा भार. विभागातले एक प्राध्यापक चहा पिताना हसायचे. म्हणायचे, शेवटच्या मण्यानं कुठं माळ बदलते का? सर त्यांच्याशी वाद घालायचे नाहीत. खिशातून बाटली काढून टेबलावर उलटी ठेवायचे आणि आपला चहा प्यायचे.

बाटल्या उलट्या करून पाहणं हीच आमची मोठी चाचणी होती, पण सरांना ते व्यसनच लागलं होतं. ताक असो, कढी असो, कुणाकडचं श्रीखंड असो, वाटी हळूच कलती करून पाहणार. माझ्या चुलत बहिणीच्या साखरपुड्यात त्यांनी दह्याचा वाडगा सरळ उलटा धरला. दही पडलं नाही. "वा," म्हणाले आणि वाडगा जागेवर ठेवला. माझ्या काकूला वाटलं, हे मुलाकडचे कुणीतरी खट मंडळी आहेत आणि दह्याची परीक्षा घेऊन राहिले आहेत. ती नंतर संध्याकाळपर्यंत त्यांच्या पानात दही वाढत होती.

बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला व्याख्यानाला जाताना ते नमुने जेवणाच्या डब्यात ठेवायचे. बाटल्यांभोवती टॉवेल आणि डबा मांडीवर. खाली ठेवायचा नाही, गाडीच्या थरथरीनं आतलं बिघडेल म्हणून. शेजारच्या बाईनं डब्याचा तोल सांभाळायची ही धडपड पाहून विचारावं, "भाऊ, दही हाय काय?" की सर खुश. लगेच डबा उघडून एक बाटली तिच्या हातात द्यायचे. "उलटी करून पाहा. पन हालवू नका, त्याले त्याचं बसू द्या." बाई उलटी करायची, नवल करायची, मग पुढच्या बाकावर पाठवायची. वाटेतल्या बोरगावपर्यंत गाडीचा अर्धा डबा आमच्या संशोधनात सामील झालेला असायचा. मी संकोचानं खिडकीबाहेर पाहत बसायचे आणि सर प्रत्येकाला म्हैस-मांजर समजावून सांगायचे, तेवढ्याच गंभीरपणानं जेवढ्या गंभीरपणानं ते परिषदेत बोलायचे. खरं म्हणजे परिषदेतही ते म्हैस-मांजरच सांगायचे, फक्त इंग्रजीत.

सरांच्या घरी उर्दू, वर्गात वऱ्हाडी आणि कागदावर इंग्रजी. इंग्रजी इतकी नेमकी की त्यातून एक शब्द काढता यायचा नाही. आमच्या प्रयोगशाळेत मोठी यंत्रं नव्हती. अळ्या आणि गोळ्यांचे फोटो काढायला नमुने बाहेर पाठवावे लागायचे आणि महिनोन् महिने वाट पाहावी लागायची. मी कुरकुर केली की सर म्हणायचे, "डोये हायेत ना? तोवर डोयानं पाह्य." तेव्हा मला हे गरिबाचं समाधान वाटायचं. आज मी स्वतः शिकवते आणि माझ्या मुलांना बाटली डोळ्यांपुढे धरायला लावते.

माझा प्रबंध गेला दोन परीक्षकांकडे. एकानं होकार दिला. दुसरे पुण्याकडचे, या विषयातले मोठे जाणकार. त्यांनी लिहिलं की एका टोकाच्या भारानं एवढा बदल होतो हा दावा मोठा आहे. दुसऱ्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या हातानं हाच प्रयोग करून दाखवावा. तोवर माझी शिफारस नाही.

आता वाटतं, किती रास्त मागणी होती. तेव्हा ती मला अशक्य वाटली. माझी शिष्यवृत्ती संपली होती, वडील निवृत्तीला आले होते. हा दावा पडला असता तर नवा विषय घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणं भाग होतं, आणि ती ताकद माझ्यात राहिली नव्हती. माझी पीएचडी त्या एका बाटलीच्या वाहण्यावर अडकली होती.

सरांनी अकोल्याच्या प्रमोदभाऊंना फोन केला. प्रमोदभाऊ सरांचे जुने विद्यार्थी, तिथल्या एका कॉलेजात शिकवायचे, जवळच्या खेड्यातून रोज ये-जा करायचे. हात इतका स्वच्छ की त्यांनी मोजलेलं पुन्हा मोजायची गरज पडायची नाही. त्यांच्या कॉलेजातलं शुद्ध पाणी काढायचं यंत्र बंद होतं, म्हणून आम्ही पॉलिमरसोबत अमरावतीहून डिस्टिल्ड पाण्याचा कॅनही पाठवला.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. आवाज पडलेला. "ताई, काई होऊन नाई राहिलं. थेंब टाकले, पीएच चढला, सारं बराबर. पन बाटली उलटी केली तं जशीच्या तशी. हालत नाई."

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. अमरावतीत जी बाटली वाहत होती ती अकोल्यात घट्ट उभी होती.

विभागात सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणालं, नागपुरात करून घ्या. कुणी म्हणालं, अकोल्याचा विषयच काढू नका, परीक्षकांना कुठे कळणार आहे? ते चहावाले प्राध्यापक नुसते हसले, आणि ते जास्त लागलं. मी सरांकडे गेले तेव्हा ते टेबलावर पाय घेऊन पेपरचं शेवटचं पान वाचत होते.

"नागपूरचं काय करायचं, सर?"

"नागपूर कायले? अकोल्याची बाटली खोटं बोलते काय?"

"मग आमची खोटं बोलते?"

"दोन्ही खऱ्या हायेत. आपल्याले इचारता नाई आलं." त्यांनी पेपर घडी केला. "उद्या चाल अकोल्याले. प्रमोदले म्हनजो, आमच्यासमोर पुन्हा कर. अन् आमाले काई सांगू नको, आमी फक्त पाहू."

प्रमोदभाऊंची प्रयोगशाळा म्हणजे एक लांब खोली, उघड्या खिडक्या आणि काळ्या दगडाचा ओटा. त्यांनी पॉलिमर तोललं, काचेचं भांडं घेतलं, सगळं रीतसर. ते मन लावून करत होते, पण तोललेलं पुन्हा तोलत होते. माझी पीएचडी अडली आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि ते स्वतःला दोष देत होते. सर खोलीच्या टोकाला स्टुलावर बसले होते.

मग प्रमोदभाऊ भांडं घेऊन वळले आणि कोपऱ्यातल्या ड्रमपाशी गेले. ड्रमच्या तोटीतून त्यांनी पाणी भरून घेतलं. आम्ही पाठवलेला कॅन ओट्याखाली होता, त्याच्या तोंडावर स्वच्छ धुतलेलं फडकं बांधलेलं. उघडल्यासारखा दिसत नव्हता.

मी तोंड उघडणार होते. सरांनी हात वर केला.

"प्रमोद," ते अगदी हळू म्हणाले, "त्या कॅनमंधलं पानी काहून नाई घेतलं गड्या?"

प्रमोदभाऊंनी कॅनकडे पाहिलं, मग हातातल्या भांड्याकडे. "ते चांगलं पानी हाय सर," ते म्हणाले, "ते कायले नासवायचं?" आणि हे बोलता बोलताच त्यांचा चेहरा उतरला, कारण आपण काय बोललो ते त्यांना तेव्हाच कळलं.

अकोल्याकडे पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाण पट्टा आहे. जमिनीतलं पाणी खारं. चहा फाटतो, साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. तिथल्या घरात दोन पाणी असतात, एक गोडं आणि एक वापरायचं. गोडं बाहेरून येतं, झाकून ठेवतात, पिण्यापुरतं आणि पाहुण्यापुरतं. त्याला कुणी हातपाय धुवायला हात लावत नाही. प्रमोदभाऊ त्या पट्ट्यातले. कॉलेजचा तो ड्रमही बोअरचाच. अमरावतीहून खास आलेलं पाणी त्यांच्या हातानं आपोआप झाकून ठेवलं. त्यांनी विचार करून केलं नव्हतं. एवढा काटेकोर माणूस, पण ही गोष्ट काटेकोरपणाच्या आधीची होती.

आणि सरही त्याच पट्ट्यातले. त्यांच्या वडलांचं तिथल्या एका गावात कापडाचं दुकान होतं. इतकी वर्षं अमरावतीचं नळाचं पाणी पिऊनही सर पेल्यात घोटभर पाणी ठेवून उठणाऱ्याला हाक मारून परत बसवायचे. त्यांच्या बेगम मला म्हणायच्या, "बेटी, याहिच्या पेल्यात कधी थेंब दिसला तं मले सांगजो, मी मिठाई वाटीन."

प्रमोदभाऊ ओट्याला टेकून उभे होते. "ताई, मी तुमचं वाटोळं केलं," ते म्हणाले. सर उठले, त्यांच्याजवळ गेले आणि त्यांच्या हातातलं भांडं काढून घेतलं.

"माहा हात बी थिकडंच गेला असता," ते म्हणाले. "माय मारत होती ना आपल्याले, गोड्या पान्यानं पाय धुतले तं." मग त्यांनी आधीच्या प्रयोगातली ती घट्ट बाटली ओट्यावरून उचलून उलटी धरली, उजेडात नेली, आणि मला म्हणाले, "पोरी, आता इचार तिले. टोकाले काय हाय?"

"भार आहे, सर."

"मंग ढकलाढकली काहून नाई झाली?"

आणि मला दिसलं. पाण्यातलं मीठ. मिठाचे कण त्या टोकांभोवती जमतात, एकाचा भार दुसऱ्याला जाणवू देत नाहीत. भार तिथेच असतो, पण त्याची ढकल पोचत नाही. म्हणून अळ्या तुटल्या नाहीत. अकोल्याची बाटली आमचा दावा खोडत नव्हती. टोकाच्या भारामुळेच हे सगळं होतं याचा तोच सगळ्यात पक्का पुरावा होता, कारण भार झाकला की परिणाम नाहीसा होत होता. मी ओट्यावर बसून रडले. आनंदानं रडले, त्याची मला लाज नाही.

अमरावतीत परत येऊन शुद्ध पाण्यात मोजून मीठ घातलं आणि पुन्हा केलं. बाटली उभी राहिली. मीठ कमी करत गेलो तशी ती ढिली पडत गेली. ज्या साखळीच्या टोकावर भार येऊच शकत नाही अशीही एक साखळी बनवली. ती खाऱ्या पाण्यात उभी आणि गोड्या पाण्यातही उभी. प्रबंधात एक नवं प्रकरण झालं.

त्या प्रकरणात सरांनी प्रमोदभाऊंचं नाव घालायला लावलं, आणि काय घडलं तेही जसंच्या तसं लिहायला लावलं. प्रमोदभाऊ खास अमरावतीला आले. "नाव काढा सर," म्हणाले. "प्रोफेसर मानूस अन् बोअरचं पानी घेतलं, लोक हासतीन. आमच्या गावात तं पोरी द्याले बी लोक मांगंपुढं पाहतात, या पान्यापाई."

सरांना मी रागावलेलं तेवढं एकदाच पाहिलं. "हासू दे," ते म्हणाले. "याहिच्या साऱ्या यंत्राइले जे नाई दिसलं ते तुह्या हातानं झालं. ते मी खोडू? तू मले काय समजून राहिला?" प्रमोदभाऊ खाली मान घालून बसले. नाव राहिलं.

तोंडी परीक्षेला पुण्याचे परीक्षक स्वतः आले. कडक इस्त्रीचे, मोजकं बोलणारे. हॉल भरला होता. ते चहावाले प्राध्यापक पहिल्या रांगेत होते आणि सर अर्थातच शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. त्यांच्या शेजारी प्रमोदभाऊ. माझं बोलून झालं तेव्हा परीक्षक म्हणाले, "आकडे पाहिले. आता मी स्वतःच्या हातानं करतो."

टेबलावर तीन बाटल्या मांडल्या होत्या. एक शुद्ध पाण्यातली, एक मीठ घातलेल्या शुद्ध पाण्यातली आणि तिसरी प्रमोदभाऊंनी बनवून आणलेली. तिन्ही घट्ट. परीक्षकांनी स्वतः थेंब टाकले, पीएच पाहिला, आणि चहा सांगितला. चहा होईपर्यंत बाटल्या न हलवता तशाच ठेवल्या.

मग त्यांनी पहिली बाटली उलटी केली. ती वाहिली. दुसरी केली, ती उभी. तिसरी केली, ती दुसरीपेक्षाही घट्ट उभी. त्यांनी ती तशीच उलटी धरून ठेवली आणि मला विचारलं, "हिच्यात कोणतं पाणी आहे?"

परीक्षा माझी होती आणि उत्तरही मला येत होतं. पण मी म्हणाले, "ती त्यांनी बनवलीय, सर. त्यांनाच विचारा."

सगळा हॉल मागे वळला. प्रमोदभाऊ उभे राहिले. त्यांनी एकदा सरांकडे पाहिलं. सरांनी काही खूण केली नाही, ते सरळ समोर पाहत होते.

"आमच्या गावचं हाय, सर," प्रमोदभाऊ म्हणाले. "आमच्या घरच्या बोअरचं. खारं पानी."

परीक्षकांनी बाटली खाली ठेवली. "मी तीस वर्षं या विषयात आहे," ते म्हणाले, "आणि मला इतका सरळ पुरावा कुणी दाखवला नव्हता." त्यांनी कागद ओढून सही केली आणि मला म्हणाले, "अभिनंदन, डॉक्टर." मग चष्मा काढून प्रमोदभाऊंकडे वळले. "यातलं थोडं पाणी मला नेता येईल का? माझ्या विद्यार्थ्यांना हे करून दाखवायचंय."

त्या गावात पाणी बाहेरून येतं. तिथलं पाणी कुणी मागून घेऊन गेलं, असं आजवर झालं नव्हतं. प्रमोदभाऊंच्या पिशवीत प्रयोगातून उरलेलं पाणी होतं, एक छोटा कॅन भरून. त्यांनी तो काढेपर्यंत सर रांगेतून पुढे आले होते. शिपाई कॅन उचलायला धावला, त्याला सरांनी बाजूला केलं. मी डॉक्टर झाले होते आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. अभिमानानं माझा ऊर भरून आला होता, आणि तो अभिमान माझ्या पदवीचा नव्हता.

सरांनी कॅन दोन्ही हातांनी धरून जिन्यावरून खाली नेला. परीक्षकांच्या गाडीत सीटवर ठेवला, झाकण आवळून पाहिलं आणि ड्रायव्हरला बजावलं, "सांभाळून ने गड्या, सांडू नको. गोडं पानी कुठी बी भेटते."